होडीतून काढलेला वसईचा किल्ला

डिजिटल कॅमेरे नुकतेच येऊ लागले होते, तेव्हा मी रोलचा कॅमेरा घेऊन भिवंडीहून वसईचा किल्ला टिपायला गेलो. अख्खी तटबंदी फोटोत मावावी म्हणून ओहोटीच्या चिखलात उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. पाणी चढू लागलं होतं. काठावर बोंबील वाळवणाऱ्या मावशींनी धावत येऊन चिखलावर फळी टाकली.

“आदी कॅमेरा दे, मंग हात दे,” त्या म्हणाल्या.

मला बाहेर ओढून त्यांनी पायांवर पाणी ओतलं आणि नवऱ्याला हाक मारली, “याला होडीतून किल्ला दाखव.”

होडीतून सगळा तट एका फोटोत आला. महिन्याभराने त्याची मोठी प्रत मी त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांच्यामुळे मी वाचलो होतो, तरी आभार त्याच मानत राहिल्या.