धाकल्या सुनंनं नुसता ऐकलेला सिनेमा

आज मला लय राग आलाय. घरच्या ग्रुपवरचा रामराम मागनं घ्या.

दुपारी समद्यांनी घरी सिनेमा बघितला. संपल्यावर जो तो मत सांगायला लागला. मी म्हणलं, "उगंच लांबवलाय." मग धाकल्या सुनंला, मीराला इचारलं.

"आत्याबाई, मला दिसलाच न्हाई. नुसता ऐकला."

थोरल्या दिरासमोर बसायचं न्हाई, म्हणून ती सैपाकघरात दाराआड बसलेली.

माझा थोरला म्हणला, "मी कुठं नको म्हणलं?"

आरं, पण "बस" असं तरी कधी म्हणलास? मान तुझा झाला, सिनेमा तिचा गेला. मी सांगून ती बाहेर यायची न्हाई. ज्याच्या मानापायी ती आत बसती, त्यानंच बोलवाय पाहिजे.

उद्या दुसरा सिनेमा हाय. "मीरा, म्होरं येऊन बस" असं थोरल्यानंच हितं लिहायचं. बायकोकडून लिहून घ्यायचं न्हाई. बाकीच्यांनी अंगठे पाठवू नका.