जयंती ते जयंती

पुंजारामतात्या पगाऱ्यांचा पारा चढला की ते आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे. समोरच्याचं तोंड धड दिसलं नाही की बोलायला भीड वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. सध्या चष्मा डोळ्यांवर कमी आणि खिशात जास्त असायचा, आणि त्याला कारण होतं रेल्वेचा पूल. म्हणजे नसलेला पूल.

उभा जन्म एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राखेच्या पाइपांशी झटापट करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडच्या बाजूला रमाईनगरात दोन खोल्यांचं घर बांधलं. घर झकास, शेजार चांगला, विहार दारासमोर. पण दवाखाना, बाजार, शाळा सगळं रुळांच्या पलीकडे. रस्त्यानं जायचं तर हा एवढा वळसा, आणि रिक्षावाला तोंडाला येईल ते मागणार. मग काय, अख्खी वस्ती रूळ ओलांडते. तात्यांच्या बायकोचे, यशोदाबाईंचे, गुडघे पार गेलेले. खडीच्या चढावर त्या नवऱ्याचा खांदा धरायच्या, मधेच थांबायच्या, आणि लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला की तात्या त्यांना ओढतच पलीकडे न्यायचे. बायको आपल्या डोळ्यांदेखत इथेच जाणार, ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

पायी जाण्यापुरता एक पूल, बास! ताजमहाल नव्हता मागितला. पहिल्या खासदारानं नारळ फोडला आणि गेला. दुसरा म्हणाला, तो आधीच्यांचा प्रस्ताव, आपण नव्यानं करू. आता तिसरा आला होता.

"पाच वर्षं!" तात्या चहाच्या टपरीवर ओरडायचे. "पहिलं वर्ष हार घालून घेण्यात, दुसरं दिल्लीचं पाणी अंगी लागण्यात. मधली कुठं जातात देव जाणे, अन् शेवटच्या वर्षी पुन्हा हात जोडून दारात. मुदत एक वर्षाची करा. आमच्यासारखी. जयंती ते जयंती!"

कारण रमाईनगरात रीतच होती तशी. जयंती कमिटीचा अध्यक्ष एकाच वर्षाचा. चौदा एप्रिल पार पडला की मावळत्या अध्यक्षानं विहारात सतरंजीवर बसायचं, एकट्यानं, सगळ्यांच्या समोर. खुर्ची नाही. मग कुणीही उठून काहीही विचारावं. आणि तोच माणूस परत अध्यक्ष होणार नाही म्हणजे नाही. या रिवाजाचा तात्यांना कोण अभिमान!

त्यांची नात संजना गंगापूर रोडच्या कॉलेजात वकिली शिकत होती. ती म्हणाली, "आबा, एका वर्षात काय होतं? निम्मं वर्ष प्रचारात जाईल. आणि पाच वर्षं बाबासाहेबांच्या घटनेतच आहेत. आणीबाणीत ती सहा केली होती, नंतर परत पाच झाली."

तात्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. घटनेवर बोट कसं ठेवायचं? रात्रीचं जेवणही त्यांना गोड लागलं नाही. सकाळी मात्र उत्तर तयार होतं. "बाबासाहेबांनी पाच वर्षं दिली ती कामाला. या लोकांनी ती झोपायला घेतली!"

ऐकून ऐकून वस्तीचे कान किटले. गेल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून त्यांनाच अध्यक्ष केलं. घ्या, आता दाखवा करून. तात्या भर सभेत म्हणाले, "पूल आणतो. वर्षाच्या आत आणतो." यशोदाबाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता.

मग सुरू झालं हेलपाटे मारणं. रेल्वेवाले म्हणाले महापालिकेला विचारा, महापालिका म्हणाली रेल्वेला विचारा. शेवटी तात्यांनी खासदारांनाच विहारात बोलावलं आणि रिवाजाप्रमाणे खाली सतरंजी अंथरली. एकही खुर्ची ठेवली नाही. आज हा माणूस खाली बसेल आणि उत्तर देईल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

खासदारांच्या माणसांची धांदल उडाली. राकेश नावाचा वस्तीतला तरुण कार्यकर्ता धावत जाऊन कुणाच्या तरी घरून खुर्ची घेऊन आला. पण साहेब बिलंदर! त्यांनी खुर्ची हातानंच बाजूला सारली, बूट काढले आणि मांडी घालून बसले. फटाफट फोटो निघाले. बायका कौतुकानं बघायला लागल्या. तात्यांनी पुलाचं विचारलं, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "तात्या, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे हो. पण सगळ्या निवडणुका एकत्र घ्यायचं चाललंय. आमची मुदत वाढेल का कमी होईल, आम्हालाच ठाऊक नाही. आता काम हातात घेतलं आणि अर्धवट राहिलं तर तुम्हीच बोल लावाल."

आणि गेले. जय भीम, जय भीम करत गाडीत बसले.

तात्या सांगत सुटले, अरे, गंडवलं आपल्याला! ऐकतो कोण? सगळ्यांच्या तोंडी एकच. साहेब किती साधे, खाली बसले! तात्यांना वाटलं, आपलंच डोकं भिंतीवर आपटून घ्यावं.

त्यानंतरही त्यांनी पाय झिजवले. पण अध्यक्षाला काय पूलच असतो का? गटारीची भांडणं, विहाराची गळती, मग जयंतीची मिरवणूक. बघता बघता एप्रिल सरला आणि बैठकीचा दिवस उजाडला.

तात्या सतरंजीवर बसले. गटारीचं विचारलं, सांगितलं. मिरवणुकीचं विचारलं, सांगितलं. मग बायकांच्या बाजूनं खांबाला धरून कुणीतरी उठलं. यशोदाबाई होत्या.

"अध्यक्षसाहेब," त्या म्हणाल्या, "पूल झाला का?"

तात्यांनी चष्मा काढला, पण या बाईचं तोंड न दिसून काय उपयोग होता?

"नाही झाला," ते म्हणाले. "रेल्वेत आत्ता कुठं एका साहेबाची ओळख निघालीय. तो जागा बघायला येतो म्हणालाय." मग मान खाली घालून म्हणाले, "मला अजून एक वर्ष द्या."

कुणीतरी खुसकन हसलं. मागून भिमाजी नावाचे जुने गृहस्थ म्हणाले, "तात्या, रीत म्हणजे रीत. तुम्हीच शिकवलीत पोरांना." त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

नवा अध्यक्ष राकेश झाला. टाळ्या पडल्या. तो म्हणाला, पुलाचं काम जुन्या कमिटीचं, ते काय आपल्या हातातलं नाही. आपण यंदा वस्तीच्या तोंडाशी झकास कमान उभी करू. पुन्हा टाळ्या पडल्या. त्या रेल्वेच्या साहेबाचं नावसुद्धा त्यानं विचारलं नाही. तात्या सांगायला म्हणून उठले, पण सगळे कमानीच्या रंगावर भांडायला लागले होते.

नवराबायको घरी आले. दारात यशोदाबाईंनी चप्पल काढली, भिंतीला धरून पायरी चढल्या.

"मी तुम्हाला खाली बघायला लावायला नव्हतं विचारलं," त्या म्हणाल्या.

"माहिती आहे."

"मग उद्या सकाळी लवकर निघू. डॉक्टरांनी बोलावलंय. गाडी गेली की लगेच ओलांडू."