न चढलेला वरचा मजला

कळमनुरीच्या स्टँडवर एसटी निघाली तेव्हा धूळ अजून दवाने जड होती. माझ्या शेजारी जवळच्या तांड्यावरच्या शेवंताबाई बसल्या होत्या. मी शाळेत शिकवते, म्हणून त्या मला नुसते ‘बाई’ म्हणतात. शहरात माझे काम होते. त्यांचे त्याहून मोठे. तिथले खांबांवरचे मेट्रो स्टेशन त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने, हरीभाऊंनी, मजुरीवर बांधले होते. सुरू झालेले मात्र दोघांनीही पाहिले नव्हते. हरीभाऊंचे गुडघे आता जिना चढत नाहीत. सोडायला आले तेव्हा ते खिडकीशी म्हणाले, “पार वर उभी ऱ्हाऊन ये. मंग मला सांग.”

वारंगा फाट्यावर गाडी बदलली आणि भज्यांचा तिखट वास पदरात घेऊन पुढे निघालो. दुपारी स्टेशन दिसले: रस्त्याच्या मधोमध खांबांची रांग आणि तिच्यावर पंख पसरून बसलेले करडे ओझे.

“हितं आमचं खोपटं व्हतं.” शेवंताबाईंनी तिसऱ्या खांबाच्या पायथ्याकडे बोट केले. “आधी खांब उठले, मंग त्याचे हात. आमी बाया पोती गुंडाळून पाणी मारत व्हतो. ओल्या बाळंतिणीवानी जपावं लागतं सिमेटाला.”

पहिल्या मजल्यावर तिकीटखिडक्या, फिनेलचा उग्र गारवा आणि भिंतीवर स्टेशनाचा सचित्र इतिहास. त्यात यंत्रे होती, साहेब होते, फीत होती. पाणी मारणारी एकही बाई नव्हती.

तपासणीची चौकट माझ्या पाटल्यांना किंचाळली. रखवालदाराने हातानेच ‘पुढे चला’ केले. शेवंताबाईंच्या घुगरी-टोपलीला (बंजारा सौभाग्यवतीच्या केसांत गुंफलेले चांदीचे दागिने, ते नवरा गेल्यावरच उतरतात) ती तशीच किंचाळली, आणि त्याचा हात आडवा आला.

“मावशी, हे काय बांधलंय? काढून ठेवा.”

“काहून? माझा माणूस जिता हाय. घरी तंबाखू मळून राहिला.”

“मग त्याच्याकडेच जा. नियम आहे.”

“माझ्या पाटल्याही वाजल्या,” मी म्हणाले.

“मॅडम, तुमचं वेगळं.”

काय वेगळे होते? मी त्याच्या वरिष्ठांना बोलवायला सांगितले. त्याने खांदे उडवले. तोवर शेवंताबाई पाठ फिरवून खाली जाणाऱ्या जिन्याशी पोहोचल्या होत्या. “चला बाई. कशाला त्याच्या तोंडी लागता.”

मीही वर गेले नाही. म्हणून वरच्या मजल्याचे हे वर्णन त्यांचे, बांधकामाच्या दिवसांतले, दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत ऐकलेले: दोन कडांना दोन फलाट, मध्ये रुळांची दरी, आणि टोकाला असा वारा की डोक्यावरचे घमेले ठरत नसे. छप्पर चढण्याआधी तिथून पार नदी दिसायची.

कळमनुरीला हरीभाऊ बाकावर वाट पाहत होते.

“गेली व्हतीस का वर?”

“व्हय.”

“कुठं तडा गेलाय का?”

“न्हाई. समदं बराबर हाय. बाईंना इचारा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली.

जी बाई रखवालदारासमोर घुगरी उतरवून खोटी विधवा झाली नाही, तिला आपल्याच नवऱ्याशी खोटे बोलावे लागले, आणि त्याला साक्षीदार मी. तक्रारीचा अर्ज भरायला बसले आहे. पाटल्यांचे आणि घुगरीचे सगळे त्यात आले; हे मात्र कोणत्या रकान्यात लिहावे, ते मला कळलेले नाही.