दुसऱ्याला न कळलेलं

आज दुपारी आम्ही मुद्दाम एक मरण घडवून आणलं. एका रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणारा मुख्य सर्व्हर काम करता करता बंद पडला, तर त्याची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर त्याची जागा घेतो का, हे पाहायचं होतं. चाचणीसाठी माझ्यासोबत काम करणाऱ्या शुभदानं सकाळीच रुग्ण म्हणून स्वतःच्या आईचं नाव घातलं होतं. आता तिनं त्यापुढे लिहिलं, 'पेनिसिलिन चालत नाही.' पडद्यावर 'नोंद झाली' असं उमटलं आणि त्याच क्षणी मी मुख्य सर्व्हरची वायर उपसली.

पंख्याची घरघर थांबली. दुसऱ्या सर्व्हरनं लगेच कारभार हाती घेतला. मी सुस्कारा सोडणार, तोच शुभदा म्हणाली, "आईचं नाव आहे. पेनिसिलिनचं काहीच नाही."

"पहिल्यानं लिहून घेतलं होतं. दुसऱ्याला सांगायच्या आत गेला," मी म्हणालो.

बोलता बोलता गेलेली माणसं मला आठवली. त्यांच्या ओठांवर काहीतरी राहून गेलंय, हे निदान आपल्याला दिसतं. हा दुसरा सर्व्हर मात्र शांतपणे उत्तरं देत होता. पहिल्याकडून आपल्याला काही कळायचं राहिलंय, अशी शंकाही त्याला नव्हती.

साहेब डोकावले. "सोमवारी सुरू करायचं ना?"

"नाही सर. दुसऱ्यानं लिहून घेईपर्यंत 'नोंद झाली' म्हणायचंच नाही, असं आधी करावं लागेल," शुभदा म्हणाली.

ते गेल्यावर ती हळूच मला म्हणाली, "पेनिसिलिनचं मला माहीत होतं, म्हणून मी शोधलं. जे कोणालाच माहीत नसेल, ते कोण शोधणार?"