डिलीटवाला दरवाजा

डेमोसरांकडे विकायला काहीच नव्हतं. त्यांच्यावरचा माझा पहिला राग हाच. चंद्रपूरला मूल रोडवर माझा सागवानी दरवाज्यांचा कारखाना आहे. लाकडापासून बिजागरीपर्यंत मी आयुष्यभर भाव करत आलो. समोरचा चिडून उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला की मला जेवण गोड लागतं. आणि हा माणूस एका दुपारी लॅपटॉप घेऊन आला, दारं, खिडक्या, कपाटं कॉम्प्युटरवर कशी काढायची ते तासभर दाखवलं, आणि मी "किती?" म्हटल्यावर म्हणाला, "किंमत मला माहीत नाही. विकणारी माणसं वेगळी. मी फक्त दाखवतो."

"मंग तुमाले कंपनी पगार कायचा देते?"

"दाखवण्याचा."

मी चहा न विचारता त्यांना वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात ते परत आले. चेहऱ्यावर मागचं काहीच नव्हतं. म्हणाले, "मागच्या वेळी जिना दाखवायचा राहिला."

त्यांच्या कार्डावर 'टेक्नॉलॉजी इव्हँजेलिस्ट' असं छापलेलं होतं. मराठीत ते स्वतःला प्रचारक म्हणत, आम्ही सगळे त्यांना डेमोसर. निवडणुकीच्या दिवसांत आलापल्लीच्या लॉजवाल्याने त्यांना विचारलं, "कोनत्या पक्षाचे जी?"

"पक्षाचा नाही. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा."

लॉजवाल्याने थोडा विचार केला. "मंग भाडं आधी द्या. पक्षवाल्याचं पक्ष देते." हा किस्सा सरांनीच मला सांगितला, आणि सांगताना हसले नाहीत. लॉजवाल्याचं बरोबरच होतं, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या मोटरसायकलला मागे तीन वस्तू बांधलेल्या असत: लॅपटॉप, रीळभर वायर आणि पडदा म्हणून लावायची पांढरी चादर. माजरीला खाणीच्या वसाहतीतला ग्रिलवाला, चिमूरचे फर्निचरवाले, आलापल्लीच्या डेपोवर सागवानाच्या लिलावाला जमलेले सुतार, या सगळ्यांसमोर ती चादर लागे. माजरीची कोळशाची धूळ तिच्यात अशी बसली होती की कंपनीने नमुना म्हणून दिलेलं गोरंपान स्वयंपाकघर आमच्याकडे नेहमी धुरकट दिसायचं. "सर, धुवा नं एकदा," मी म्हणालो. "शुक्रवारी पुन्हा माजरीच आहे," ते म्हणाले. लाईट गेली तरी ते सामान आवरत नसत. "येईपर्यंत प्रश्न विचारा," म्हणत. अहेरीपासून चिमूरपर्यंत प्रश्न एकच येई: "किती जी?" आणि उत्तरही एकच.

शिकवताना ते माऊसला हात लावत नसत. दोन्ही हात मागे बांधून उभे राहत आणि शिकणाऱ्याला चुकू देत. "घाबरू नका. मागे घेता येतं." हे त्यांचं आवडतं वाक्य. रेघ वाकडी गेली, मागे घेता येतं. कपाट छतातून बाहेर गेलं, मागे घेता येतं. मी सागवानात पटाशी चालवणारा माणूस. पटाशी घसरली तर फळी गेली आणि दिवसही गेला. मला ते वाक्य लबाडीचं वाटायचं.

तरी त्यांनी मला बसवलंच. आमच्या कारखान्याची रीत अशी की नवा दरवाजा आधी फरशीवर खडूने पूर्ण मापाचा काढायचा. त्यावर फळ्या ठेवून कोरायचं, आणि काम संपलं की बादलीभर पाणी ओतून फरशी पुसायची. म्हणजे बाहेरच्याला नक्षी उचलता येत नाही. सरांना ते पुसणं पाहवलं नाही. "अहो, एवढं चित्र पाण्यात? निदान एक तरी कॉम्प्युटरमध्ये ठेवा."

मी ठेवलं, तेही माझं सगळ्यात चांगलं: मोहाच्या फांद्यांचा दुपाखी, दोन झडपांचा दरवाजा. गिऱ्हाईक त्याच्यासाठी नागपूर सोडून माझ्याकडे यायचं, कारण तो दुसऱ्या कुणाकडे मिळतच नव्हता. कारखाना उभा राहिला तो त्या दरवाज्यावर. खाली उंबऱ्याजवळ एक मासा असतो. माझा बाप सिंदेवाहीकडच्या तलावात जाळं टाकायचा. दरवाजे करणारा त्याचा पोरगा कुठून आला हे मी विसरू नये म्हणून तो मासा. सर मागे हात बांधून उभे, त्यांच्या लॅपटॉपचा माऊस माझ्या हातात, अशा कित्येक दुपारी आम्ही फांदी फांदी काढली. मासा झाला तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, हा पोहतोय." त्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला नेलं. बायकोने मासोळीचा रस्सा केला होता. त्यांना काटे काढता येत नव्हते, पण ताटात काही ठेवलं नाही.

पुढच्या हंगामात चिमूरच्या एका राईसमिलवाल्याने माझ्याकडची बोलणी मोडली. मी फोन केला तर म्हणाला, "राग नका मानू जी, पन तसाच दरवाजा आमच्या इथीच मशीनवर निघून राह्यला."

मी चिमूरला गेलो. कॉम्प्युटरमधलं चित्र घेऊन आपोआप कोरणारं मशीन लाकडाचा भुसा उडवत होतं आणि समोर माझा दरवाजा होता. मोहाच्या फांद्या माझ्या, आणि खाली माझ्या बापाचा मासा. मशीनवाल्याला काही लपवायचं सुचलंही नाही. "डेमोसर देऊन गेले नं. सरावासाठी."

सर त्या दिवशी चिमूरलाच होते. आयटीआयसमोरच्या टपरीवर चहा पीत होते. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. टपरीवाल्याने गिऱ्हाईकं असून रेडिओ बंद केला.

ते शांतपणे म्हणाले, "कंपनीचं स्वयंपाकघर दाखवलं की लोक जांभया देतात. तुमचा दरवाजा दाखवला की पुढे सरकतात. आणि भाऊ, प्रत्येक ठिकाणी मी तुमचं नाव घेतो."

"नावाले काय चाटू? दरवाजा गेला नं माझा! आता घ्या मागे. तुमीच म्हनता नं, मागे घेता येते? घ्या!"

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि मोटरसायकलकडे गेले. मला वाटलं, पळाले.

पळाले नव्हते. ते खरंच मागे घ्यायला निघाले होते. चिमूर, माजरी, गडचिरोली, आलापल्ली, पार सिरोंच्यापर्यंत, जिथे जिथे चादर लावली होती तिथे ते पुन्हा गेले आणि हात जोडून म्हणाले, "तो दरवाजा डिलीट करा. तो दुसऱ्याचा आहे." आमची माणसं मोठ्या मनाची. कुणीही नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी त्यांच्यासमोर डिलीट केला. फक्त करण्याआधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, कारण ज्या दरवाज्यासाठी कंपनीचा माणूस एवढ्या उन्हात जंगल तुडवत येतो, त्यात काहीतरी असणारच. आलापल्लीच्या ज्या सुताराने तो कधी उघडूनही पाहिला नव्हता, त्याने दुसऱ्याकडून मागून आणला. दोन महिन्यांत नक्षीला नाव पडलं. गिऱ्हाईक दुकानात शिरून विचारायचं, "डिलीटवाला हाय का जी?"

सरांनी हे सगळं मला स्वतः येऊन सांगितलं. उन्हाने रापले होते. "नाही घेता आलं," म्हणाले. पुढचं वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र दर महिन्याला यायचे, दारात उभे राहून नमस्कार करायचे आणि जायचे. त्यांच्या शिकवण्यातलं ते वाक्यही बंद झाल्याचं माजरीच्या ग्रिलवाल्याने सांगितलं. आता ते म्हणत, "सेव्ह करण्याआधी विचार करा." ग्रिलवाला म्हणाला, "पह्यले मजा येत होती जी."

मला नवीन नक्षी काढावी लागली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पोट भरण्यासाठी पुन्हा शून्यातून सुचावं लागणं ही काय चीज आहे, ते ज्याचं त्याला कळतं. पळसाचा दरवाजा चालला नाही, मोराचा मलाच आवडला नाही. बांबूच्या बेटाचा चालला आणि कारखाना तरला. तो कॉम्प्युटरमध्ये ठेवला नाही.

मग एक दिवस सर नमस्कार करून गेले नाहीत. उभे राहिले. कंपनीने फिरते कार्यक्रम बंद केले होते, आता सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओत. त्यांना नागपूरला बसवणार होते आणि तिथे त्यांनी आयुष्यातलं पहिलं घर घेतलं होतं. "दरवाजा हवाय," म्हणाले. "मोहाचा. हाताने केलेला."

मी तोंडाला येईल तो भाव सांगितला. कुठल्याही शहाण्या माणसाने निम्म्यावर आणला असता.

"बरं," ते म्हणाले.

"बरं काय? असा असते का सौदा? काही म्हना तरी!"

"काय म्हणू?"

मी कपाळाला हात लावला आणि काम घेतलं.

फरशीवर खडूने काढलं. मोहाच्याच फांद्या, पण नव्या, फुलं गळायच्या बेतातली. सर रोज येऊन मागे हात बांधून उभे राहत. शेवटच्या दिवशी दरवाजा भिंतीला टेकवला, फरशीवरचं चित्र मोकळं झालं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. माझ्याकडे पाहिलं. मोबाईल परत खिशात ठेवला, कोपऱ्यातली बादली उचलली आणि स्वतः पाणी ओतलं. बूट भिजले.

मग दरवाज्याजवळ गेले आणि खाली वाकून बराच वेळ शोधत राहिले.

"भाऊ, मासा राहिला."

"राह्यला नाई. मासेवाले सगळे तुमचे. बिनमाशाचा माझा."

त्यांनी मान हलवली. पाखीवरून हात फिरवला, दाराच्या दिशेने चार पावलं गेले, थांबले, आणि वळून म्हणाले, "मग माशाचे काही कमी होतील का?"

इतक्या वर्षांत त्या माणसाने केलेला तो पहिला भाव. मी एक पैसा कमी केला नाही. पण चहा दोनदा मागवला, आणि गाडीत दरवाजा चढवताना खालची जड बाजू मी धरली.