घोंगडीनाथाची शपथ

वेरूळच्या फाट्यावर लिंबाखाली भिकन धनगर घोंगड्या विकायला बसत असे. घोंगडीला गिऱ्हाईक कमीच. लेणी बघायला आलेला माणूस बोटाने चाचपून "टोचते हो" म्हणायचा आणि शेजारच्या भाजलेल्या कणसांकडे वळायचा. भिकनकडे आणखी एक माल होता, तो तर फुकट देऊनही कोणी घेत नव्हतं. आपण महायुद्धात जर्मनीला होतो, ही त्याची गोष्ट.

गोष्ट खरी होती. चाळीस साली लांडग्याने बापाच्या मेंढ्या नेल्या तेव्हा भिकन राखणीला होता, म्हणजे झाडाखाली झोपला होता. बापाच्या काठीला भिऊन तो जो पळाला तो थेट नगरला इंग्रजांच्या भरतीत जाऊन उभा राहिला. काठीला भिऊन महायुद्धात गेलेला माणूस वेरुळात तरी हा एकच. आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांनी त्याला धरलं. कैद्यांच्या छावणीत कुणीतरी येऊन सांगितलं की हिंदुस्थान सोडवायला जर्मनीत फौज उभी राहते आहे. गणवेश त्यांचा, बाहीवर वाघ आपला. भिकनने वाघ पाहिला आणि अंगठा उठवला. सेहेचाळीस साली तो घरी आला तेव्हा बाप मेला होता, लांडगाही मेला असावा. दारात म्हाळसाबाई उभी होती. लग्नानंतर चार महिन्यांत तो मागे टाकून गेलेली बायको.

पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि जो तो आपण रझाकारांशी कसे लढलो ते पारावर सांगू लागला. त्या गर्दीत भिकनने आपली जर्मनी काढली. लोक म्हणाले, "बाबा, आमच्या थापा दोन-चार कोसांत फिरत्यात. तुही थाप लईच लांब जाती, थकत नाय का?"

लोकांचं त्याला काही नव्हतं. म्हाळसाबाईचं होतं. तिच्या मते ह्या माणसाने पुण्याला नाहीतर नाशकाला बाई ठेवली होती, आणि सहा वर्षं तिच्याकडे खाऊन, कंटाळून तो परत आला होता. खंडोबाने म्हाळसेला घरी बसवलं आणि धनगराच्या बानूसाठी बारा वर्षं तिच्या मेंढ्या राखल्या, हे धनगराच्या लहान पोरालाही ठाऊक. आईबापांनी नावच म्हाळसा ठेवलेल्या बाईने दुसरं काय समजायचं? गावातले टारगट भिकनला विचारत, "बानू काय म्हणती?" म्हाळसाबाई ते ऐके आणि भाकरी जरा जोरात थापी.

एकदा भिकनने तिला औरंगाबादेजवळच्या साताऱ्याला नेलं, खंडोबापुढे बेलभंडारा उचलला आणि बाई नव्हती म्हणून शपथ घेतली. म्हाळसाबाई देवाला म्हणाली, "मल्हारी, ह्यांनी आधी इंग्रजाच्या राजाची शपथ घेतली, ती मोडली. मंग जर्मनाची घेतली म्हणत्यात, तीबी मोडली. आता तुही घेत्यात. तू जपून ऱ्हा."

असंच पंधरा वर्षं घर चाललं. भाकरी वेळेवर मिळे, पण वाढताना ती कधी "आणखी एक?" असं म्हणाली नाही.

जर्मनीतली एक गोष्ट मात्र भिकनने तिला कधीच सांगितली नव्हती. बाई एकवेळ तिने माफ केली असती. ही केली नसती.

ड्रेसडेन नावाच्या शहराबाहेर त्यांची छावणी होती. हिंदू, मुसलमान, शीख एकाच खोलीत झोपत, एकाच चुलीवरचं जेवत. फौज उभारणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांची इच्छा होती की ह्यांनी जातधर्म विसरून एक व्हावं. जर्मनांना मात्र हुकूम होता की ह्यांच्या धर्माला धक्का लावू नका. धक्का नेमका कुठे लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते सगळ्यालाच भीत. त्यांचा हवालदार तोफेसमोर हलत नसे. पण कुणी डोळे मिटून ओठ हलवू लागला की दोन पावलं मागे सरे.

हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडताना वाजायची. पहाटे शिट्टी झाली की उघड्या अंगाने बर्फात तोंड धुवायला पळायचं. एका गुरुवारी भिकनला कणकण होती, तो उठला नाही. हवालदार पांघरूण ओढू लागला तेव्हा भिकनने आतून एकच शब्द बाहेर टाकला.

"धरम."

हवालदाराचा हात जागच्या जागी थांबला. त्याने दुभाष्याला बोलावलं. दुभाष्या म्हणजे लिंडनाउ. उंच, चष्मेवाला, संस्कृत शिकलेला. शिपायांना त्यांच्या देवांची नावं विचारणं हीच त्याची लढाई. तो खाटेशी वाकून अदबीने म्हणाला, "कौन से देवता?"

भिकनने इकडे तिकडे पाहिलं. पांघरुणाशिवाय त्याला काही दिसलं नाही. "घोंगडीनाथ."

"उनका नियम?"

"गुरुवारी सूर्याचं तोंड दिसेपर्यंत अंगावरची घोंगडी काढायची नाय."

"और किसी ने निकाली तो?"

"काढणाऱ्याचं वाटोळं."

वाटोळं म्हणजे काय हे लिंडनाउने नीट समजून घेतलं आणि हवालदाराला सांगितलं. हवालदाराने पांघरूण सोडलं आणि हात विजारीला पुसले.

त्या मुलखात हिवाळ्यात सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, हे भिकनला माहीत नव्हतं. घोंगडीनाथाला माहीत असावं.

पुढच्या गुरुवारी बीदरकडचा मदार उठला नाही. तो लिंडनाउला म्हणाला, "जिनको ये लोगां घोंगडीनाथ बोलते, वो हमारे घोंगडीशाह वली हैं साब. एकीच हैं." त्याच्या पलीकडच्या खाटेवरून केहरसिंग दाढी पांघरुणात ओढून म्हणाला, "हमारे गाँव में भी इनका चबूतरा है जी." तिसऱ्या गुरुवारी सबंध खोली भाविक झाली. भाषणांनी, झेंड्याने आणि गाण्यांनी जी एकी झाली नव्हती ती एका घोंगडीखाली झाली. शेवटी कप्तानाने हुकूम काढला: गुरुवारी सकाळी सात वाजता सूर्य उगवला असे समजण्यात येईल. देवाने तडजोड मान्य केली.

पुढे एकदा भिकनने लिंडनाउला खरं तेही सांगितलं, की खंडोबाचे वाघ्ये देवाचे कुत्रे होऊन भुंकतात आणि भांड्यात तोंड घालून खातात. त्याने भुंकून दाखवलं. लिंडनाउ दुखावला. "भिकन, धर्म की हँसी नहीं," म्हणाला.

छावणीजवळच्या रुळांवरून कधी कधी बंद डब्यांच्या गाड्या जात. आत काय आहे असं भिकनने एकदा लिंडनाउला विचारलं. दुसऱ्याच्या देवाबद्दल एवढं विचारणारा माणूस त्या गाड्यांबद्दल काही बोलला नाही. चष्मा पुसत राहिला. त्या डब्यांत माणसं होती, आणि आपण कुणाच्या फौजेत होतो, हे भिकनला पुढे सुटून आल्यावर, हळूहळू, शेरडाच्या पोटात काटा जावा तसं कळत गेलं.

फौज फ्रान्समध्ये समुद्रकाठी गेली आणि तिथून पळत माघारी निघाली तेव्हा मदारला गोळी लागली. ऑगस्टच्या उन्हात तो थंडी वाजते म्हणाला. भिकनने त्याच्यावर पांघरूण घातलं. "घोंगडीशाह," मदार म्हणाला. गमतीने नाही. भिकनने पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि हात जोडले. त्या दिवशी गुरुवार नव्हता.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात दुपारी एक मोटार फाट्यावर थांबली. लेणी दाखवणारा कडूबा आधी उतरला. त्याच्यामागून एक उंच गोरा म्हातारा.

"भिकनमामा, सकाळधरनं ह्यो गोरा लेण्याकडं धड बघंना. एकच धोसरा, घोंगडीनाथाचा पुजारी भिकन कुठंय. आता हे कोन नवं काढलं?"

म्हाताऱ्याने भिकनकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. "भिकन! मेरे सैनिक!" त्याने भिकनला उराशी धरलं तेव्हा चष्मा घोंगड्यांवर पडला. कणसंवाला उठून आला, टांगेवाले आले, गर्दी झाली.

"मामा, म्हंजी तू खरंच जर्मनीला व्हतास व्हय?" कडूबाने विचारलं.

"तेरा वर्षं सांगून ऱ्हायलोय तुला."

"सांगत व्हतास. पर खरं हाय हे कुठं सांगितलं?"

म्हाळसाबाई बाजूला लोकर पिंजत बसली होती. तिचा हात थांबला. भिकनने ते पाहिलं आणि त्याची छाती जर्मन हवालदारासारखी पुढे आली. तेवढ्यात लिंडनाउ म्हणाला, "घोंगडीनाथ का स्थान कहाँ है? मैं उन्हीं के दर्शन को आया हूँ."

छाती जागेवर गेली. देव नाही म्हणावं तर आयुष्यातला एकुलता साक्षीदार भर फाट्यावर त्याला लबाड म्हणणार, आणि लबाडाची जर्मनी पुन्हा नाशकाला जाऊन बसणार. देव आहे म्हणावं तर इथपासून खुलताबादेपर्यंत शेंदूर लागलेला एकेक दगड म्हाळसाबाईला तोंडपाठ.

म्हाळसाबाईने त्याला लिंबामागे ओढलं. "घोंगडीनाथ कोन?"

त्याने सांगून टाकलं. थंडी, शिट्टी, धरम, सगळं. म्हाळसाबाईने आपल्याच तोंडावर चापटी मारली. "देवाच्या नावानं थाप! जीभ कशी झडली नाय तुमची? बाई ठिवली असती तं परवडलं असतं!"

"नव्हती ठिवली म्हनूनच..."

"गप ऱ्हावा." तिने गोऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत उभा होता. "ह्यो म्हातारा मानतो त्या देवाला?"

"मानतो."

"मनापासून?"

"साऱ्या दुनियेत त्यो एकटाच मानतो."

"मंग बेस झालं," म्हाळसाबाई म्हणाली.

तिने नवी काळी घोंगडी लिंबाखाली अंथरली, मधोमध सुपारी ठेवली आणि शिदोरीतून हळदीची पुडी काढली. भिकन हळूच म्हणाला, "भंडारा हाय की पिशवीत."

"खंडोबाचा भंडारा तुमच्या थापेला लावू व्हय? ही कालवनाची हळद हाय."

मग ती गोऱ्याकडे वळली. खुलताबादच्या बाजारात लोकर विकून तिची हिंदी पक्की झाली होती. "साब, इस देव का देऊळ नहीं रहता. घोंगडी डाली, वहीं देव."

लिंडनाउने बूट काढले आणि गुडघे टेकले. "मदार के लिए," तो म्हणाला आणि त्याने कालवणाची हळद कपाळाला लावली. भिकनही वाकला. त्याला हसू येणार होतं, ते आलं नाही.

"हात घोंगडी पर रखो साब," म्हाळसाबाई म्हणाली. "इस देव के सामने झूट बोले तो क्या होता?"

"वाटोळं," लिंडनाउ म्हणाला. मराठीतला तेवढा एक शब्द त्याने जपून ठेवला होता.

"तो बोलो. वहाँ इनकी बाई थी क्या?"

भिकनने लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. लिंडनाउने डोळे मिटून बराच विचार केला. शपथ घेतलेला माणूस करतो तसा.

"थी."

"बानू!" कडूबा ओरडला.

"फ्रांस में, समुद्र के पास. एक विधवा. छुट्टी मिली कि भिकन उसके घर जाता था." म्हाळसाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. "उसकी भेड़ें थीं. यह भेड़ों में बैठता था. एक बार मैं पीछे गया. देखा, भेड़ के गले में मुँह डालकर रो रहा है."

"और बाई?"

"वह दरवाज़े में झाड़ू लेकर खड़ी रहती थी. मुझ पर भी उठाई."

गर्दीत खसखस पिकली. कडूबा म्हणाला, "मामी, सवत मेंढी निघाली की!" म्हाळसाबाईने हळदीची पुडी शिदोरीत परत ठेवली. लिंडनाउला ती घोंगडी हवी होती. पैसे काढू लागला तेव्हा तिने हात मागे घेतला. देव विकत देत नाहीत म्हणाली आणि घोंगडी तशीच त्याच्या खांद्यावर टाकली. मोटार गेली. काचेआडून हळद लागलेलं कपाळ बराच वेळ दिसत राहिलं.

दिवस कलला तशी त्यांनी घोंगड्यांची ओझी बांधली आणि वस्तीची वाट धरली. म्हाळसाबाई पुढे, भिकन मागे. ओढा ओलांडल्यावर ती न वळता म्हणाली, "तिथल्या मेंढ्या काळ्या का पांढऱ्या?"

भिकनला आधी वाटलं आपल्याशी नाही. मग तो भराभर पावलं टाकत तिच्या बरोबरीला आला. "पांढऱ्या. लोकर लांब, पर समुद्राच्या हवेनं कायम वली."

"रोग पडत आसल खुरात."

"पडायचा. म्या मोरचूद सांगितला तिला."

"बाईला?"

"हातवारं करून."

"मंग केरसुनी कशापायी घेऊन उभी ऱ्हायची?"

जे लिंडनाउला माहीत नव्हतं, आणि घोंगडीनाथाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, ते भिकनच्या तोंडाशी आलं. समोर ना बेल होता ना भंडारा, तरी त्याने सांगितलं. "एकदा जळनाची लाकडं घेऊन दाराशी गेलतो. वाईट मनानं गेलतो."

म्हाळसाबाई थांबली. "आत?"

"आत कुठली घेती? पाठीत बसली केरसुनी."

"किती?"

"तीन-चार."

"कमीच दिल्या," म्हाळसाबाई म्हणाली आणि डोक्यावरचं ओझं नीट करत पुन्हा चालू लागली. "आता मेंढ्यांचं सांगा फुडं. लांडगं व्हते का तिथं?"