तटावरच्या कळ्या

माल्टात सेंग्लेआ गावाच्या दगडी तटावर उगवणाऱ्या केपरच्या झुडपांच्या कळ्या खुडून मिठात मुरवण्यात ग्राझ्याचं अख्खं आयुष्य गेलं. एका सकाळी इंग्रज पहारेकऱ्यानं तिला हटकलं.

"ए म्हातारे, चल खाली! तटावर आता गाववाल्यांना बंदी."

"मेल्या, हे दगड माझ्या खापरपणज्यानं पाठीवरून वाहिले. तेव्हा तुम्ही कुठं होता रे?"

त्यानं उत्तरादाखल तिची टोपली तटाखाली भिरकावली.

आठवड्यानं फौजी अधिकाऱ्यांचा खानसामा दारात उभा. "साहेबांना माशाबरोबर तुझ्याच कळ्या लागतात, ग्राझ्याबाई."

ग्राझ्यानं भरली बरणी त्याच्या नाकासमोर नाचवली, फडताळात ठेवली आणि कडी घातली.

"तटावरचा माल गाववालीनं कसा विकायचा? तुझ्या साहेबाला म्हणावं, तटाला लोंबकळ आणि खुड!"